हरीण की बकरा?

पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यातल्या एका गावात त्या दिवशी एकाच मूर्तीची नोंद करायची होती. क्लोराइटचा काळपट दगड, उंची जेमतेम सव्वा मीटर, गावातलं नाव भैरव. पण मूर्ती नग्न, कायोत्सर्गात, म्हणजे ध्यानाच्या ताठ मुद्रेत उभी, हात मांड्यांच्या बाजूने सरळ सोडलेले. म्हणजे जैन तीर्थंकरच. या भागात याचं नवल नाही. याच जिल्ह्यातल्या पाकबिर्राची सात फुटांहून उंच मूर्तीही भैरव म्हणूनच पुजली जाते. पीठावर, म्हणजे मूर्तीखालच्या बैठकीवर, कमळ आहे म्हणून अभ्यासक तिला पद्मप्रभ म्हणतात.

इथले तीर्थंकर कोणते? डोक्यावर नागफणा नाही, पार्श्वनाथ बाद. खांद्यावर जटा नाहीत, त्यामुळे ऋषभनाथही धरवेना. छातीवर श्रीवत्स हे शुभचिन्ह नाही, पण पूर्वेकडच्या मूर्तींवर तो बहुधा नसतोच. गुजरात-राजस्थानच्या मूर्ती पाहिलेला डोळा इथे फसतो. उरलं पीठावरचं लांछन, म्हणजे प्रत्येक तीर्थंकराचं ठरलेलं ओळखचिन्ह. पीठ मात्र अर्धं नव्या सिमेंटच्या ओट्यात गाडलेलं, वर तेल-शेंदराचा जाड थर.

पुजारीबाबांनी आधीच बजावलं, शेंदराला हात लावायचा नाही. लावूही नये. क्लोराइट मऊ असतो, थर खरवडताना कोरीवकामही निघून येतं. मग तिरपा उजेड. दार लोटून घेतलं, कॅमेरा तिपाईवर, शेजारी 10 सेंटिमीटरची मोजपट्टी. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून, 15-20 अंशांत धरला. समोरून फ्लॅश मारला तर तेल चमकतं आणि उठाव सपाट दिसतो.

डावीकडून फाटे फुटलेली शिंगं दिसली आणि मी 'हरीण, शांतिनाथ' लिहून टाकलं. घाई झाली. टॉर्च उजवीकडे नेला तर फाटे गायब! शेंदराला गेलेल्या भेगेची सावली होती ती. खरं शिंग आखूड, मागे वळलेलं; हनुवटीखाली तांदळाच्या दाण्याएवढं टोक, म्हणजे दाढी; शेपूट वर उचललेली. पाय सिमेंटखाली. बकरा, म्हणजे 17वे कुंथुनाथ. शांतिनाथ 16वे, त्यांच्या लगेच आधीचे.

तेव्हापासून एका बाजूच्या उजेडावर लांछन लिहीत नाही. डावी, उजवी आणि वरची, तिन्ही छायाचित्रं जुळली तरच. नोंदीत 'भैरव' हे नावही ठेवलं, कारण गावात कुंथुनाथ विचारले तर कोणी वाट दाखवणार नाही. आणि उंचीपुढे कंसात लिहिलं: सिमेंटच्या वर.