आखडलेलं तोंड: आठ इंजेक्शनं आणि आइस्क्रीमच्या काड्या

सुपारीने माझं तोंड आखडलं; डॉक्टरी नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. उपचाराच्या पहिल्या दिवशी पुढच्या वरच्या-खालच्या दातांच्या कडांमधलं अंतर भरलं २४ मि.मी. मोठ्या माणसाचं साधारण ३५ च्या पुढे हवं. घरी पाहायचं तर आपली तीन बोटं उभी दातांत बसली पाहिजेत. माझी दोनही बसेनात. आधी कितीतरी महिने कुळथाची पिठीसुद्धा झोंबायची, पण दोष मी मिरचीला दिला.

तंबाखू कधीच नव्हता. नुसती श्रीवर्धनी रोठा सुपारी, जेवणानंतर कातरून. आपल्याकडे तिला व्यसन म्हणतं कोण? पण तंबाखूविना सुपारीही २००४ सालीच कर्करोगकारक ठरली आहे. तिच्यातलं अ‍ॅरेकोलिन गालाचं अस्तर डिवचत राहतं. दुखावलेल्या पेशी टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असे निरोप सोडतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, आणि टीजीएफ-बीटाच्या निरोपावर फायब्रोब्लास्ट, म्हणजे धागे विणणाऱ्या पेशी, कोलॅजनचे धागे विणत सुटतात; त्यांचेच गालात ताठ पट्टे होतात. सुपारीतलं तांबं हे धागे एकमेकांत जखडणाऱ्या विकराला बळ देतं. म्हणून सुपारी सोडली तरी पट्टे आपोआप विरत नाहीत.

आधी बायोप्सी: गाल बधिर करून मसूरडाळीएवढा तुकडा. पेशी बिघडल्यात का, हे नुसतं बघून कळत नाही.

मग आठवड्याला एक, अशी आठ इंजेक्शनं, थेट पट्ट्यात: डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ४ मि.ग्रॅ., हायलुरोनिडेज हे विकर १५०० युनिट आणि बधिरतेचं औषध. स्टिरॉइड ते निरोप दाबतं, त्यामुळे जळजळ तिसऱ्या आठवड्यातच उतरली. धागे मात्र ते ताणत नाही. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर चढते. पाचव्या आठवड्यात जिभेवर पांढरा थर आला, तो बुरशीचा. क्लोट्रिमॅझोल लावून गेला.

तोंड उघडलं ते काड्यांनी. लाकडी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, पुढच्या दातांत नाही, तिथे दात हलतात. पुढच्यापेक्षा दाढांत फट कमी, त्यामुळे सुरुवातीला ७ च बसल्या. एकेक काडी मधे सरकवायची, ताण बसला की मिनिटभर थांबायचं, मग दुसरी बाजू. दिवसातून पाच वेळा. घाईने दोन घातल्या की गाल फाटतो, आणि जखम भरताना तिथे नवा पट्टा धरतो.

आठव्या आठवड्याला ३१. गणपतीत दहा दिवस काड्या लावायच्या राहिल्या; विसर्जनानंतर मोजलं तर २९.