शेतातल्या आखाड्यावरच्या इन्व्हर्टरचा पहिला मेसेज आला!

काल रात्री पावणेबाराला मोबाईल वाजला: "लाईट गेली. बॅटरी १२.५". लाईट गेली की आखाड्यावरच्या इन्व्हर्टरनं मोबाईलवर कळवावं, यासाठी केलेल्या अडीच महिन्यांच्या खटपटीनंतर तिथून आलेला हा पहिला मेसेज. दादांना झोपेतून उठवून दाखवला.

दुखणं शेवटपर्यंत एकच होतं. मेसेज पाठवणारं सिम८००एल हे सिमकार्डाचं मॉड्युल नेटवर्क धरायचं, सिग्नल चांगला दाखवायचं आणि मेसेज पाठवायला लागलं की रिसेट व्हायचं. मी सिम बदललं, अँटेना बदलला, कोड तीनदा नव्यानं लिहिला. मल्टिमीटर ४.१ व्होल्ट दाखवत होता, म्हणून सप्लायकडे पाहिलंच नाही. पण हे मॉड्युल पाठवताना २ अँपिअरपर्यंत ओढतं, तेही सेकंदाला २१७ वेळा, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपासच्या झटक्यांनी. मल्टिमीटरला हे झटके दिसत नाहीत, तो सरासरी सांगतो. मानवतला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मित्राच्या स्कोपवर (व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावलं तेव्हा कळलं, दर झटक्याला व्होल्टेज ३.२ वर येतंय. मॉड्युलला किमान ३.४ लागतं.

दोष निघाला तो बारीक जम्पर वायरींचा आणि व्होल्टेज कमी करून देणाऱ्या स्वस्तातल्या एलएम२५९६ बोर्डाचा. असले बोर्ड ऑनलाईन मागवू नका. चार पैसे जास्त गेले तरी दुकानात लोड लावून, बघून घ्या. जम्पर काढून जाड, बोटभर लांबीच्या वायरी सोल्डर केल्या आणि मॉड्युलला चिकटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. चाचणीत दहातले सहा मेसेज जायला लागले. मग जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला एक चांगला १८६५० लिथियम सेल थेट मॉड्युलला जोडला आणि त्याला वेगळं चार्जिंग दिलं. आता दहाच्या दहा!

बॅटरीचं व्होल्टेज आणि करंट मोजणारं आयएनए२२६ तर सोन्यासारखं चाललंय. त्याच्याच नोंदींवरून कळलं की एक पंखा अन् दोन दिवे असताना आपली इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी दोन तासांत ११.६ व्होल्टवर येते. हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) घातला तर एक सेल १.१५० वर, बाकीचे १.२४० वर. उन्हाळाभर पाणी बघायचं राहिलं होतं.

हे लिहीत असतानाच आज पहाटेची नोंद पाहिली. लाईट चार तास गेली होती आणि तिसऱ्या तासानंतर एकही मेसेज नाही. मॉड्युल चालू होतं, गावच्या टॉवरचाच बॅकअप संपला होता. म्हणजे नुसतं "लाईट गेली" कळवून भागणार नाही; दर अर्ध्या तासाला खुशाली यावी आणि दोनदा चुकली तर घरचा बझर वाजावा. त्यासाठी टॉवरवर विसंबण्यात अर्थ नाही. फोरजीचं ए७६७० मॉड्युल मागवणार होतो, ते थांबवलं. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या रेडिओला परवाना लागत नाही, आखाडा घरापासून साडेतीन किलोमीटर, मधलं शिवार सपाट. आडवा येईल तो फक्त पाटाकडचा ऊस. लोराची (टॉवरशिवाय लांबवर छोटे संदेश पाठवणाऱ्या रेडिओची) दोन मॉड्युलं कपाटात पडून आहेत. रविवारी पत्र्यावर वीस फुटी बांबू उभा करून रेंज बघतो.