निपाणीचा मुलगा, गडचिरोलीची मुलगी

निपाणीचं पोरगं आमच्या कॉलेजात आलं की कॉलेजचे गुण वाढतात. रोज सकाळच्या एसटीनं ये-जा करतं, घरी मराठीच बोलतं, कोल्हापूर त्याला चाळीसेक किलोमीटर. पण पत्ता कर्नाटकातला, म्हणून एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठ क्रमवारीच्या, तक्त्यात ते ‘राज्याबाहेरील’ रकान्यात जातं. (सीमाप्रश्नाचा आम्हाला झालेला हा एकमेव फायदा.) गडचिरोलीहून येणारी मुलगी अख्खा महाराष्ट्र आडवा कापून इथं हॉस्टेलवर राहते. ती ‘राज्यातील’. प्रादेशिक विविधतेचे गुण तिच्यामुळे तसूभरही वाढत नाहीत.

मी संख्याशास्त्र शिकवते. ‘आकडे म्हणजे तुमचाच प्रांत, मॅडम’ असं म्हणून या क्रमवारीचा फॉर्म माझ्या गळ्यात घातला गेला आणि तो काही उतरला नाही. बारावीचा निकाल लागला की ओळखीचे पालक फोन करतात, ‘अमुक कॉलेज कितवं आलंय हो?’ त्यांच्यासाठी हे लिहितेय.

केंद्र सरकारची ही क्रमवारी २०१६ पासून निघते. विद्यापीठांसाठी अध्यापन आणि साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांचं पुढं काय झालं याला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० टक्के वजन आहे. कॉलेजांसाठी वजनं बदलतात, ढाचा तोच राहतो. माहिती आपली आपणच भरायची. पदवी वेळेत पूर्ण केलेले किती, नोकरी लागलेले किती, त्यांच्या पगाराचा मध्यक किती. हा मध्यक अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहायचा, चेकवर लिहितात तसा. मध्यक घेतला हे मात्र मला मनापासून आवडलं. सरासरी मागितली असती तर एका पुण्याच्या पॅकेजवर साऱ्या वर्गाचं भलं झालं असतं!

खरी गोची शिक्षकांच्या तक्त्यात आहे. विद्यापीठ पातळीवर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असेल तर त्या घटकाचे पूर्ण गुण, आणि पन्नासांमागे एकही नसेल तर शून्य. आता आमच्याकडची परिस्थिती बघा. कायम प्राध्यापक निवृत्त होतो, जागा भरायला शासनाची परवानगी येत नाही, मग तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं. ही सीएचबीवाली (तासावर पैसे मिळणारी) पोरं नेट-सेट या पात्रता परीक्षा पास झालेली, काही पीएचडी झालेली, आणि वर्ग तीच चालवतात. पण फॉर्मच्या लेखी ती पूर्णवेळ शिक्षक नाहीत, म्हणून गुणोत्तरात धरता येत नाहीत. वर्गात शिक्षक उभा आहे आणि तक्त्यात जागा रिकामी. मुलांना शिकवलं कसं जातं याचं उत्तर त्या आकड्यात नाही. मुंबईत किती फाइली अडल्यात याचं आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ च्या विद्यापीठांच्या यादीत २३वं होतं. २०२५ मध्ये ते ५६वं झालं, आणि सगळ्या प्रकारच्या संस्थांच्या एकत्रित यादीत ३७ वरून ९१ वर गेलं. बातम्या अशा आल्या की जणू वर्षभरात तिथली सगळी विद्वत्ता आटली. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांची चर्चा मात्र त्याआधी कितीतरी वर्षं चालू होती. विद्यापीठ तेच राहूनही क्रमांक असा आपटू शकतो, कारण यादीच्या मधल्या भागात संस्था एकमेकींना इतक्या खेटून असतात की दोन-तीन गुणांत वीस-वीस जागा इकडच्या तिकडे होतात. क्रमांकाशेजारीच गुण छापलेले असतात. ते बघणारा पालक मला अजून भेटायचाय.

संशोधनाचं मोजमाप स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंधांच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसवरून होतं. आमच्या मराठी विभागातले एक सर लोकसाहित्यावर इतकं लिहितात की त्यांच्या लेखांचे गठ्ठे कपाटात मावत नाहीत. सगळं मराठी नियतकालिकांत. स्कोपसमध्ये सर अस्तित्वातच नाहीत.

परदेशी याद्या तरी बऱ्या असतील, असं वाटणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या जागतिक विद्यापीठ-यादीत ४५ टक्के गुण निव्वळ मतावर आहेत, ३० प्राध्यापकांच्या आणि १५ कंपन्यांच्या. ज्याचं नाव आधीच कानावर आहे त्यालाच ते गुण पुन्हा मिळणार. दुसरी गोष्ट कोलंबिया विद्यापीठाची, बाबासाहेब शिकले तेच. ‘यूएस न्यूज’ या प्रकाशनाच्या अमेरिकी विद्यापीठांच्या यादीत ते दुसरं होतं. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले आमचे वर्ग ८२.५ टक्के, असं विद्यापीठानं कळवलेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकल थॅडियस यांनी विद्यापीठाच्याच वर्ग-यादीवरून हिशेब मांडला; तो निघाला ६२.७ ते ६६.९ टक्क्यांच्या मध्ये. इतरही आकडे असेच सैल निघाले. त्या सप्टेंबरात कोलंबिया अठरावं झालं. घरातल्याच माणसानं घरचा हिशेब तपासला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे असं करणाऱ्याला पुढच्या वर्षी कुठली समिती मिळेल, ते सांगत नाही.

तरीही हा फॉर्म मला निरुपयोगी वाटत नाही. क्रमांक सोडा, फाइल उघडा. संस्थांनी भरलेली माहिती एनआयआरएफच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसते, बऱ्याच कॉलेजांच्या संकेतस्थळावरही असते. प्रवेश घेतलेले किती आणि वेळेत पदवीधर झालेले किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ग्रंथालयावरचा खर्च बघा. काही ठिकाणी तो बघून वाईट वाटेल. शिक्षकांची यादी मिळाली तर तीही बघा. अनुभव तिथं महिन्यांत लिहिलेला असतो. तुम्हाला हव्या त्या विषयापुढं एखादं नाव तीनशे महिन्यांचं आणि बाकीची सगळी वीस-बावीस महिन्यांची दिसली, तर प्रवेशाच्या आधी त्या विभागात जा आणि विचारा, मधली माणसं कुठं गेली.