जमाखर्च अपडेट ६ : ती दंडी म्हणजे एक नव्हे, पावली

मंडळी, आधी चूक कबूल करतो, मग पुढचं. मागच्या अपडेटात मी जे लांबलचक लिहिलं होतं ना, की सुरुवातीच्या म्युनिसिपालिट्यांनी जकात लावून व्यापाऱ्यांना पार पिळून काढलं, ते सगळं रद्द समजा. पुरावा म्हणून जे वहीचं पान टाकलं होतं ते पान खरं आहे, वाचणारा गाढव होता.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. मी दिवसभर बेळगावातल्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरतो आणि रात्री जेवण झाल्यावर दीडशे वर्षांपूर्वीच्या म्युनिसिपालिटीचा जमाखर्च टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरात, बसवत बसतो, बायको म्हणते दिवसाचं पोटासाठी आणि रात्रीचं डोक्याच्या किड्यासाठी. प्रश्न एकच आहे, जो सोडवायला घेतला तेव्हा सोपा वाटला होता: ज्या गावाला काल म्युनिसिपालिटी नव्हती आणि आज आहे, तिथं पहिला रुपया कुणाच्या खिशातून आला आणि कशावर गेला? बास, एवढंच. राजकारण, सीमाप्रश्न वगैरे इथं काढू नका, त्यासाठी दुसऱ्या जागा भरपूर आहेत.

तर ते पान. ओळखीच्या एका जुन्या आडत दुकानाच्या माळ्यावरून निघालेली वही, लाल कापडाचं पुठ्ठं, कडा उंदरानं खाल्लेल्या, शके १७९१ म्हणजे इसवी सन १८६९-७०. सगळी मोडीत. त्यात एक पान निव्वळ जकातीचं, चार नोंदी आणि खाली बेरीज. पहिल्या नोंदीत १॥ आणि पुढं एक आडवी रेघ, दुसरीत ३। आणि पुढं दोन रेघा, तिसरी नुसती ॥।, चौथीत २। आणि एक रेघ. आडवी रेघ म्हणजे एक आणा हे मला माहीत होतं, ॥ म्हणजे अर्धा हेही माहीत होतं, पण आकड्याला चिकटून एकटी उभी दंडी आली की मी ती सरळ १ वाचत होतो! म्हणजे ३। चे झाले ३१ आणि २। चे झाले २१. माझी बेरीज आली ५४ रुपये ८ आणे, आणि वहीत खाली लिहिलंय ८. नुसते आठ. आता मी हिशोबाचा माणूस, मला वाटलं वाण्यानं खरी जकात भरली आणि वहीत लपवली, दोन नंबरची वही असणार, आणि त्यावर मी तुम्हाला सातशे शब्दांची थिअरी ऐकवली.

परवा गल्लीतल्या काकांकडे पान घेऊन गेलो, त्यांचं मोडीचं वाचन म्हणजे आपण पेपर वाचतो तसं. त्यांनी भिंग लावलं, पानाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"ह्या दंडीला तू काय म्हणालास?"

"एक, काका."

"अरे पावली आहे ती. चार आणे. एक दंडी पावली, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. बँकेत असतास तर आज नोकरी गेली असती बघ."

मग तिथंच त्यांच्या पाटावर बसून परत मांडलं. १ रुपया ९ आणे, ३ रुपये ६ आणे, १२ आणे, २ रुपये ५ आणे. रुपये झाले ६, आणे झाले ३२, बत्तीस आणे म्हणजे दोन रुपये, एकूण बरोब्बर ८. एक आणा इकडचा तिकडं नाही. दीडशे वर्षं तो वाणी बरोबर होता आणि मी त्याला महिनाभर चोर म्हणत होतो. (जे कुणी एक्सेलमध्ये जुने आकडे घालताय त्यांना फुकटचा सल्ला: रुपये, आणे, पै असे तीन कॉलम करून बेरजा मारू नका, हातचे चुकतात. सगळं आधी पै करून एकाच कॉलममध्ये घ्या, १२ पैचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया म्हणजे रुपयाला १९२ पै, शेवटी एकदाच परत रुपये करा.)

पण खरी गंमत पुढंच आहे. काका पान परत देताना सहज म्हणाले की ही जकात त्यानं खर्चात टाकलेली नाही, ती मालाच्या खरेदीत मिळवलीय. बघितलं तर होय की! शेजारच्याच पानावर त्याच मालाची खरेदी आहे आणि जकात तिच्यात धरूनच विक्रीचा भाव काढलाय. म्हणजे वाण्याच्या खिशाला काहीच चाट नाही, नाक्यावर त्यानं भरली आणि गिऱ्हाइकाच्या चुलीवर ढकलली. आज आपण इनडायरेक्ट टॅक्स म्हणतो ते हेच, मी रोज तेच भरतो आणि मलाच ते दिसलं नाही. तर पिळून कोण निघत होतं? पायलीनं धान्य घेणारा माणूस, व्यापारी नव्हे.

आता ह्या चष्म्यातून सगळी सुरुवात परत वाचली तर चित्रच फिरतं.

मुंबई इलाख्यात १८४४ च्या १९ व्या कायद्यानं सरकारनं गावोगावची नाकेबंद जकात, मोहतर्फा (कारागीर-दुकानदारांवरचा कर), बलुत्यांवरचे आणि धंद्यांवरचे कर असलं सगळं काढून टाकलं होतं. व्यापार मोकळा केला म्हणून. आणि सहाच वर्षांनी १८५० चा २६ वा कायदा आला, त्यात म्हटलं की गावातल्या लोकांनी स्वतः अर्ज केला तर तिथं म्युनिसिपल कमिटी होईल आणि तिला गावासाठी कर लावता येईल. म्हणजे जी जकात सरकारनं पुढच्या दारानं बाहेर काढली ती कमिटीचा सदरा घालून मागच्या दारानं घरात आली, फरक एवढाच की आता ती सरकारच्या खजिन्यात न जाता गावाच्या झाडलोटीला जायची.

बरं, लोक स्वतःहून कर लावून घ्यायचा अर्ज का करतील? हे मला पहिल्यापासून कोडं होतं. ह्याच्या आधी बंगालात १८४२ ला असाच एक कायदा झाला होता, पण त्यात घरांवर सरळ कर होता. तो जेमतेम एका गावात लागू झाला आणि तिथं कलेक्टर वसुलीला गेला तर लोकांनी कर द्यायचा सोडून त्याच्यावरच हद्दीत घुसल्याची फिर्याद ठोकली. म्हणजे घरपट्टी म्हटलं की माणूस कोर्टात जातो. पण १८५० च्या कायद्यात सरळ करच लावा अशी सक्ती नव्हती, जकातीसारखा आडवा कर चालत होता, आणि म्हणूनच तो मुंबई इलाख्यात आणि वायव्य प्रांतात (साधारण आजचा उत्तर प्रदेश) चांगला पसरला आणि बाकीकडं लंगडला. कमिटीवर कोण बसणार तर गावातले वजनदार लोक, सरकारनं नेमलेले, डोक्यावर कलेक्टर. ह्या मंडळींची स्वतःची घरं मोठी, दुकानं मोठी. घरपट्टी लावली तर पहिली पावती त्यांच्याच नावाची फाटणार, आणि जकात लावली तर वर सांगितलं तसं, आठ रुपये भरा आणि भावात घाला. तुम्ही त्या खुर्चीत असता तर कुठं सही केली असती?

मला ह्यात कारस्थान दिसत नाही, सोय दिसते. जकातीला घराघरांत जाऊन मोजमाप लागत नाही, चार रस्त्यांवर चार नाके आणि चार कारकून बसवले की दुसऱ्या दिवसापासून रोख सुरू. नवीन कमिटीला ना सर्व्हे, ना नकाशा, ना घरांची यादी, हातात पैसा पाहिजे आजच. पण सोय कुणाची हे विचारलंच पाहिजे.

आपल्या भागाचा क्रम बघा म्हणजे अंदाज येईल. बेळगाव १८५१, सोलापूर १८५२, सातारा १८५३, कोल्हापूर १८५४ (ते संस्थान, तिथला प्रकार वेगळा), हुबळी १८५५, धारवाड १८५६. सहा वर्षांत एकामागून एक. बेळगाव पहिल्या खेपेतलं, ह्याचा मला उगाच अभिमान वाटतो, त्यात माझं कर्तृत्व शून्य.

टॅलीत खाती कुठली उघडायची हा घोळ मात्र सुटला. १८८४ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, बेळगावचा २१ वा खंड, त्या खंडांमधून म्युनिसिपालिट्यांचा जो तक्ता देतात त्याचीच डोकी जशीच्या तशी उचलली. जमेला जकात, घरपट्टी, टोल आणि गाडीपट्टी, इतर बसवलेले कर, किरकोळ. खर्चाला नोकरवर्ग, सुरक्षा, आरोग्य, शाळा, कामं, आणि कामांत परत नवी वेगळी आणि दुरुस्ती वेगळी. जमेच्या शेवटी एक बारकासा कॉलम असतो, दर डोई किती कर पडला त्याचा, मला तो सगळ्यात आवडला. पण आता त्याच्याकडं बघून हसू येतं, कारण दर डोई म्हणजे एकूण भागिले माणसं, वाड्यातला आणि झोपडीतला दोघं एकाच भागाकारात.

खर्चातलं सुरक्षेचं खातं मी दिवाबत्ती समजून मोकळा झालो होतो. तसं नाही. सुरुवातीला कित्येक म्युनिसिपालिट्यांच्या गळ्यात पोलिसांचा खर्चही होता, म्हणजे जकात गोळा करायची गावानं आणि त्यातून पगार शिपायाचा, ज्याच्यावर हुकूम सरकारचा. १८ मे १८८२ च्या व्हाइसरॉय रिपनच्या ठरावात जे सांगितलं त्यात हेही एक होतं, पोलिसांचा बोजा म्युनिसिपालिटीवरनं काढा आणि तो पैसा शाळा-दवाखान्यांकडं वळवा. रिपन म्हटलं की आपल्याला फक्त निवडणूक आठवते, १८८४ च्या कायद्यानं निम्म्या तरी जागा निवडून द्यायच्या वगैरे, पण हिशोबाच्या बाजूनं मला पोलिसखर्चाची गोष्ट जास्त मोठी वाटते. खिशात पैसाच नसेल तर निवडून येऊन करणार काय?

आरोग्याच्या बाजूला अजून एक कर भेटतो, हलालखोर पट्टी. हलालखोर म्हणजे मैला उचलणारा, आणि ही पट्टी म्हणजे खाजगी संडास साफ करायचे पैसे. करालाच त्या माणसाचं नाव. जे घरमालक ही पट्टी भरताना कुरकुर करायचे तेच कमिटीत, आणि ज्याच्या डोक्यावर पाटी होती त्याला कमिटीच्या खोलीत खुर्ची मिळण्याचा प्रश्नच नव्हता. हे खातं उघडताना टॅलीत नाव काय द्यायचं ह्यावर मी बराच वेळ अडलो, शेवटी जुनंच ठेवलं, गुळगुळीत करून काय मिळणार.

आता नकाशा. बेळगावच्या बाबतीत तुम्ही एक गोष्ट विसरू नका, मी विसरलो होतो: शहापूर त्या काळी बेळगावचं नव्हेच. ते सांगली संस्थानचं, पटवर्धनांचं, आणि पेठ म्हणून चांगलं नाव असलेलं. कॅम्प म्हणजे कॅन्टोन्मेंट, त्याचा कारभार तिसराच. आज गाडीवरनं कॅम्पातून निघून खडेबाजार करत शहापुरात शिरलो तर पंधरा मिनिटांत तीन सत्ता ओलांडल्या म्हणायच्या, ट्रॅफिक धरून. शहापुरात उतरलेल्या मालावर बेळगावच्या नाक्याचा काय हक्क? काही नाही. मग दोन पेठा भिंतीला भिंत लावून असताना पोतं इकडून तिकडं कसं जायचं ह्याची कल्पना करायला इतिहासकार व्हायची गरज नाही. त्यातून घाटाखालचा माल, गोव्याकडचा नारळ-मीठ, हा नुसता गावातून पुढं जाणारा. जकात गावात खपणाऱ्या मालावर, पुढं जाणाऱ्यावर नव्हे असं तत्त्व होतं, म्हणून आत येताना भरायचं आणि बाहेर पडताना दुसऱ्या नाक्यावर परतावा घ्यायचा. जीएसटीतलं आयटीसीच (आधी भरलेला कर वळता मिळतो ते) की हे, फक्त पोर्टलच्या जागी कारकून! आणि परतावा अडकायचा असेल तर तो तेव्हाही अडकत असणार, माझ्या क्लायंटांचे अडकतात तसे.

मी बेळगावला येणाऱ्या जुन्या वाटा नकाशावर आखून नाके कुठं कुठं असू शकतील ते पेन्सिलीनं मांडतोय, शाईनं नाही, परत गाढव व्हायचं नाही. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आल्यावर बैलगाडीच्या वाटेवरचा माल स्टेशनवर उतरायला लागला, त्यामुळं त्याच्या आधीचा नकाशा एक आणि नंतरचा वेगळा काढायचा ठरवलंय.

तुमच्याकडं जुन्या पावत्या असतील तर तारीख फाटलेली असली तरी टाकू नका, काळ काढता येतो. वर "बरो म्युनिसिपालिटी" छापलेलं असेल तर ती १९२५ च्या कायद्यानंतरची. मुंबईच्या ऐवजी म्हैसूर राज्य दिसलं तर १ नोव्हेंबर १९५६ नंतरची. आणे असतील तर बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीची, नये पैसे असतील तर नंतरची. आपल्याकडं जकात १९७९ ला गेली आणि तिच्या जागी एंट्री टॅक्स आला, पलीकडं महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत मात्र ती पुढंही कित्येक वर्षं चालली, त्यामुळं निपाणीच्या पुढं गेलेल्या ट्रकवाल्यांकडं नव्या पावत्याही सापडतील, त्या पण चालतील.

पुढच्या वेळी त्या वहीची उरलेली अकरा पानं. काकांनी अट घातलीय की आधी मी एकट्यानं वाचायचं, मग ते तपासणार, आणि एक दंडी चुकली की एक कप चहा. आत्तापर्यंत चार झालेत.