सहा बदाम, बारा वाट्या

बासुंदीच्या वाट्या भरायच्यात बारा आणि डब्यात बदाम उरलेत सहा. अशा वेळी बदामांची पूड करणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. पूड दुधात गेली की गेली. ती दिसत नाही, आणि सहा बदाम बारा वाट्यांत वाटले गेले की चवीलाही सापडत नाहीत. तेच बदाम पातळ कापले तर एकाचे दहा काप सहज निघतात. म्हणजे वाटीला पाच. वर पिस्त्याची दोन हिरवी पानं टाकली की पाहुणा वाटी हातात घेतानाच म्हणतो, "अरे वा, बदाम-पिस्ते!" चमचा तोंडात जायच्या आधीच आपलं काम झालेलं असतं.

काप हा काटकसरीचा शोध आहे, असं माझं जुनं मत आहे. ते मी कुणावर लादत नाही, पण साखरभात, नारळीभात, शिरा, मसाला दूध, दुधी हलवा अशी सगळी यादी डोळ्यासमोर आणून बघा. जिन्नस स्वस्तातला, नेहमीचा. वरचे काप महागाचे. आणि ते मोजकेच. मुंबईत पारशी घरी वाढदिवसाला रवो, म्हणजे दुधातला रव्याचा शिरा करतात, त्यावरही तुपात परतलेले बदामाचे काप आणि बेदाणे. इराणात तर बदाम-पिस्त्याच्या बारीक काड्या भातावर पसरतात. कर्मानशाह शहरात बदामाच्या काड्या घालून मटणाचं कालवण करतात, तिथे मात्र काटकसर दिसत नाही. मूठ-मूठ घालतात.

तर हे काप करायचे कशाने, हा प्रश्न दर दिवाळीच्या आसपास घरोघरी निघतो आणि दर वेळी उत्तर म्हणून एक नवीन हत्यार घरात येतं. माझ्याकडेही आहेत. पण इतकी वर्षं बदाम कापून माझी खात्री झाली आहे की हत्याराला नावं ठेवण्याआधी बदामाकडे बघावं. कोरडा बदाम कुठल्याही पात्याला दाद देत नाही. त्याच्यात जवळजवळ निम्मं तेल आणि पाणी जेमतेम पाच टक्के. असा कडक जिन्नस कापायला गेलं की पातं आत शिरतं ते पाचर होऊन. चीर पात्याच्या पुढे पळते आणि वाट फुटेल तिकडे जाते. हातात काप येत नाही, ठिकऱ्या येतात. तोच बदाम ओला असला की चीर पात्याच्या पुढे धावत नाही, पातं जाईल तिथेच कापलं जातं. कारखान्यातसुद्धा बदाम आधी गरम पाण्याने किंवा वाफेने मऊ करतात, मग पात्याखाली घालतात आणि कापून झाल्यावर वाळवतात. त्यांची यंत्रं लाखांची, तरी बदाम ओला लागतोच.

रात्री भिजत घालायचं लक्षात राहिलं तर उत्तम. बहुतेकदा राहत नाही. मग पाणी खळखळून उकळायचं, गॅस बंद करून बदाम त्यात टाकायचे, एक-दोन मिनिटांत उपसून गार पाण्यात घालायचे. चिमटीत धरून दाबला की बदाम सालीतून टुणकन उडतो. लहान मुलांना हे काम द्यावं, फक्त ताटली मोठी घ्यावी. आणि तो कोमट, ओलसर असतानाच कापायला बसावं. पिस्त्याचंही तेच, पण त्याला गरम पाण्यात जास्त वेळ ठेवू नये. हिरवा रंग मळकट होतो, आणि पिस्ता आपण घेतो तो रंगासाठीच. जांभळट साल कापडात चोळून काढली की आतून जो हिरवा निघतो त्याला तोड नाही. खारे पिस्ते सोलून गोडात घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आता बदाम ठेवायचा कसा, हीसुद्धा गोष्ट आहे. बदामाची दोन दळं एकमेकांवर चपटी बसलेली असतात. आडवा ठेवून वरून सुरी चालवली तर प्रत्येक कापाचे पुन्हा दोन तुकडे होतात, कारण मधला जोड प्रत्येक कापात येतो. म्हणून आधी ओला बदाम नखाने उकलून दोन दळं वेगळी करावीत. सपाट बाजू पाटावर टेकवली की दळ हलत नाही, घसरत नाही. मग लांबीत बारीक काड्या. आणि दुकानात मिळतात तसे रुंद, पानासारखे काप हवे असतील तर बदाम अख्खाच ठेवून चपट्या बाजूला समांतर कापायचा. सुरीने हे जमायला बोटं धाडसी लागतात. तिथे विळी बरी.

विळीबद्दल मी पक्षपाती आहे, आधीच सांगते. सुरीत पातं हलतं आणि जिन्नस स्थिर. विळीत पातं स्थिर आणि जिन्नस दोन्ही हातांच्या बोटांत. पिस्त्याएवढ्या लहान वस्तूला हे फार मानवतं. किती जाड कापलं जातंय ते डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळतं. माझी आत्या पाटावर बसून गप्पा मारता मारता पिस्ते कापायची. नजर समोरच्या माणसाकडे, तोंड चालू, आणि ताटलीत एकसारखे काप पडताहेत. तिला कुणी "बघून काप गं" म्हटलं की म्हणायची, "बघितलं तरच कापतं बोट." ओटे उभे झाले आणि विळ्या माळ्यावर गेल्या. ओट्यावर ठेवायच्या घडीच्या विळ्या मिळतात, पण उभ्याने विळी चालवणं मला कधी साधलं नाही. विळीला वजन लागतं, आपलंच, मांडीखाली.

अडकित्ता हा या सगळ्यांतला मानकरी. खरं काम सुपारीचं. सुपारीपुढे बदाम म्हणजे लोणीच. शाळेत तरफेचे तीन प्रकार शिकवताना दुसऱ्या प्रकाराला अडकित्त्याचं उदाहरण असायचं: टेकू एका टोकाला, बल दुसऱ्या टोकाला, भार मधे. सुपारी बिजागरीच्या जितकी जवळ सरकवावी तितका जोर कमी लागतो. आजोबांना हे प्रकार-बिकार ठाऊक नव्हते, पण सुपारी कुठे धरायची ते ठाऊक होतं. आधी फोडून दोन खांडं, मग खांड अंगठ्याने फिरवत फिरवत अशी कातर काढायचे की फुंकर मारली तर उडेल. दात गेल्यावर त्यांना त्याहून जाड सुपारी चालतच नव्हती. एवढ्या बारकाव्याची गरज पडली म्हणून हातही तसा तयार झाला असावा.

पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा संग्रह आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी जन्मभर गोळा केलेल्या वस्तू १९७५ साली महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केल्या. त्यात दिवे आहेत, वाद्यं आहेत, आणि रोजच्या हाताळण्यातली अशी हत्यारंही. एका सुपारीसाठी माणसांनी काय काय घडवलं ते बघून थक्क व्हायला होतं. माझी नजर मात्र कलाकुसरीवरून घसरून पात्यावर जाते. धार आहे का? बिजागरी सैल तर नाही? सैल बिजागरीचा अडकित्ता कितीही देखणा असो, तो कापत नाही, चेंगरतो.

बदामाला अडकित्ता चालतो, पण भिजवलेल्या बदामालाच, आणि काप निघतात ते आडवे, छोटे. शिऱ्यात घालायला ठीक, बासुंदीवर दिसायला नाही. खारकेला मात्र त्याच्यासारखं हत्यार नाही. डिंकाच्या लाडवांसाठी खारीक फोडून बी काढायची तर मिक्सरचं पातं मोडेल, सुरी घसरेल. अडकित्ताच हवा. बाळंतिणीच्या घरी हिवाळ्यात त्याचा कटकट आवाज दिवसभर चालू असायचा.

राहिले ते स्लायसर. एक प्रकार हँडल फिरवायचा: वरून बदाम टाका, दट्ट्याने दाबा, आत पत्र्याचा गोल ड्रम फिरतो आणि खाली काप पडतात. दुसरा चपटा, लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी, मधे तिरकं पातं, त्यावर बदाम घासायचा. दुसरा मला जास्त आवडतो, कारण त्याच्यात फिरणारं काही नाही आणि धुवायला सोपा. पण बदाम संपत आला की बोटाचं टोक आणि पातं यांच्यात फारच थोडं अंतर उरतं. शेवटचा तुकडा तोंडात टाकावा. तो कापायचा हट्ट धरू नये, कापणाऱ्याचा तो हक्कच आहे.

ड्रमवाला प्रदर्शनांत फार खपतो. स्टॉलवरचा माणूस हँडल फिरवतो आणि काय एकसारखे काप पडतात! बायका पिशवीतून पैसे काढायला लागतात. त्याच्यासमोरच्या वाटीतले बदाम जरा जवळून बघा, ओलसर असतात. घरी येऊन आपण डब्यातले कोरडे टाकतो आणि खाली निम्मे काप, निम्मा भुगा. मग यंत्र माळ्यावर. बिचाऱ्याचा काही दोष नसतो. माळ्यावर असेल तर काढा, बदाम भिजवा आणि पुन्हा एकदा फिरवून बघा.

बदामांतही फरक असतो. कॅलिफोर्नियाचा मोठा, चपटा, एकसारखा, कापायला सोयीचा. मामरा लहान, वाकडा, सुरकुतलेला, तेलाने भरलेला आणि किमतीने डोळे पांढरे करणारा. मामरा कापू नये. तो भिजवून सोलून नुसता खावा. त्याच्यासाठी एवढे पैसे मोजल्यावर पाहुण्याला पाच पातळ पापुद्रे दाखवण्यात काय अर्थ आहे?

काजूच्या कापांचा मला उत्साह नाही. काजू वाकलेला, मधून फाकणारा, पातळ कापला की दोन तुकडे ठरलेलेच. त्यापेक्षा पाकळी किंवा तुकडाच विकत घ्यावा, स्वस्तही पडतो. अख्ख्या काजूची प्रत ठरते ती एका पौंडात किती मावतात त्यावर. तीनशे वीस नंबरी म्हणजे पौंडाला साधारण तेवढे नग. म्हणजे आपण पैसे मोजतो ते आकाराचे, आणि घरी आणून तो आकारच मोडायचा. अक्रोड तर कापायचाच नाही, हाताने तोडायचा.

पण कापांचा खरा कस लागतो तो बदामात नाही, चिवड्याच्या खोबऱ्यात. सुक्या खोबऱ्याची वाटी हातात घेऊन तिच्या कडेने विळीवर लांब, पातळ काप काढायचे, पाठीला तपकिरी किनार राहू द्यायची. जाड झाला तर कडेला करपतो आणि मधे कच्चाच राहतो. फार पातळ झाला तर तेलात पडताच काळा. वाटी फारच कडक असेल तर थोडा वेळ पाण्यात ठेवावी, पण काप तळायच्या आधी कापडावर नीट कोरडे करावेत, नाहीतर तेल अंगावर उडतं. खोबऱ्यात स्वतःचंच तेल साठ टक्क्यांहून जास्त, त्यामुळे कढईतून काढल्यावरही ते आतल्या आत भाजत राहतं. बदामी रंग येण्याच्या जरा आधीच झारा उचलायचा. चिवडा खाताना मंडळी आधी काय वेचतात ते बघा. खोबरंच.

तयार कापांची पाकिटं आता सगळीकडे मिळतात. घाईला हरकत नाही, पण पाकीट फोडून आधी वास घ्यावा. अख्ख्या बदामाला सालीचं पांघरूण असतं. काप केले की सगळं तेल हवेला उघडं पडतं आणि खवटपणा लवकर येतो. घरचे कापही याला अपवाद नाहीत, उलट ते ओले म्हणून बुरशीची भीती जास्त. दुधात लगेच घालायचे असतील तर प्रश्न नाही. ठेवायचे असतील तर पंख्याखाली कापडावर पसरावेत, बोटाने मोडले की कट्कन तुटेपर्यंत वाळू द्यावेत, मग घट्ट झाकणाच्या डबीत भरून फ्रीजमध्ये. वाळताना ते थोडे वाकतात. वाकू देत, बर्फीवर तेच छान दिसतात. फक्त वडी गरम असताना वाटीच्या बुडाने हलकेच दाबून बसवावेत, नाहीतर खाताना अर्धे ताटलीत.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी देवाने चारोळी केली आहे. कापायची नाही, सोलायची नाही, श्रीखंडात टाकली की झालं. दाणा खवट नाही ना, तेवढा एक चावून बघायचा.

आणि ताटात शेवटी जो भुगा उरतो तो फेकू नका. कितीही हात बसला तरी भुगा उरतोच. मी तो वाळवून एका डबीत जमा करते. कोजागरीच्या मसाल्यात वेलची, जायफळ, केशराबरोबर तो खपून जातो, आणि त्या रात्रीपुरते नवीन बदाम पूड करायला लागत नाहीत.