सहा दिवस, पाच सामने आणि विसरलेले बूट

नॅशव्हिल सोडलं तेव्हा लख्ख ऊन होतं. तासाभराने मॉन्टीगलचा घाट चढलो आणि गाडी धुक्यात शिरली. अशा घाटात मराठी माणसाला लोणावळा आठवणारच. त्यातून डोंगराच्या पलीकडच्या काउवन गावात मालगाड्यांना मागून रेटा द्यायला जादा इंजिन लावतात हे भाचीने सांगितलं, आणि मला थेट कर्जतचे वडे आठवले. इथे वडे नव्हते.

आम्ही चाललो होतो टेनेसी राज्यातल्या सवानीला. डोंगरमाथ्यावर हजारो एकर जंगल, त्यात वालुकाश्माच्या गॉथिक इमारती, आणि हे सगळं एका छोट्या कॉलेजच्या मालकीचं. नाव मात्र भारदस्त, युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ. इथली हुशार मुलं अजूनही काळा झगा घालून वर्गात जातात. धुक्यातून असा एक झगा समोरून आला तेव्हा मी दचकलोच.

मला बघायचं होतं ते मैदान. 1891 पासून इथे फुटबॉल खेळतात. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, लंबगोल चेंडूचा, हाणामारीचा. मैदान बघून खरं सांगायचं तर निराशा झाली. ओलं गवत, थोडे बाक, कुंपणापलीकडे झाडं. पण 1899 साली इथल्या पोरांनी जे केलं ते पुन्हा कुणाला जमलेलं नाही.

गोष्ट सुरू होते ती भांडणाने, तेही पैशाच्या. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी दरवर्षीचा सामना म्हणजे तिकिटांची चांगली कमाई. त्या वर्षी गल्ल्याच्या वाटणीवरून बिनसलं आणि सामना बारगळला. संघाचा मॅनेजर होता ल्यूक ली, स्वतः विद्यार्थीच. भोक पडलेली तिजोरी भरायला त्याने दौरा आखला. जितके सामने तितका गल्ला, आणि सलग खेळलं की मुक्कामाचा खर्चही कमी! सगळे या संघाला पोलादी माणसं म्हणतात, मला मात्र यात एका हिशोबनीसाचं डोकं दिसतं.

"मामा, हळू बोल," भाची म्हणाली. ती व्हँडरबिल्टचीच, आणि अंगात जर्किनही तिथलंच.

एकवीस खेळाडू रेल्वेच्या शयनयानातून निघाले. परक्या गावचं पाणी बाधू नये म्हणून इथल्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून सोबत घेतलं. एवढी काळजी, आणि खेळायचे बूटच मागे राहिले! ते नंतर दुसऱ्या गाडीने पाठवावे लागले असं सांगतात. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाने मंगळसूत्र घरी विसरावं तसं.

9 नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाला 12-0 हरवलं. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एमला 10-0. तिसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सला टुलेनला 23-0. रविवारी विश्रांती, तीही उसाच्या मळ्यावर सहलीला जाऊन. सोमवारी बॅटन रूजला एलएसयूला, म्हणजे लुइझियाना राज्य विद्यापीठाला, 34-0, मंगळवारी मेम्फिसला मिसिसिपी विद्यापीठाला 12-0. सहा दिवसांत पाच सामने, एकूण प्रवास सुमारे 4,000 किलोमीटर, आणि समोरच्यांना एकही गुण नाही.

तेव्हाचा खेळही आजच्यासारखा नव्हता. चेंडू पुढे फेकायला परवानगीच नव्हती, ती 1906 साली मिळाली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, म्हणजे समोरच्या भिंतीत डोकं घालून घुसायचं. हेल्मेटची सक्ती नाही. एकदा बाहेर गेलेल्याला परत येता येत नसे, म्हणून दुखलं तरी कुणी बाहेर जायला तयार नसे. कर्णधार डिडी सीबल्स ऑस्टिनमध्ये डोक्याला खोक पडूनही खेळत राहिला.

त्या मोसमात बाराच्या बारा सामने जिंकले, 322 गुण केले आणि दिले फक्त 10. ते दहाही एकाच सामन्यात, ऑबर्नच्या कॉलेज संघाने घेतले. निकाल 11-10, थोडक्यात निभावलं. ऑबर्नचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन, ज्याच्या नावाची ट्रॉफी आज कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा मान समजली जाते.

ल्यूक ली पुढे सिनेटर झाला. पहिलं महायुद्ध संपल्यावर, जानेवारी 1919 मध्ये, हॉलंडमध्ये आश्रयाला असलेल्या जर्मन कैसरला उचलून आणायला तो काही सोबत्यांसह मोटारीतून गेला होता. कैसर काही हाती लागला नाही. व्हँडरबिल्टवर रुसून टेक्सासला जाणाऱ्या माणसाकडून मला तरी हे अपेक्षितच वाटलं.

सवानीचे दिवस मात्र फिरले. 1932 मध्ये बड्या विद्यापीठांच्या एसईसी या संघटनेच्या स्थापनेत हे कॉलेज होतं. 1940 मध्ये बाहेर पडलं, तोवर तिथला एकही सामना जिंकला नव्हता. आता खेळासाठी शिष्यवृत्तीही देत नाहीत. पोरं अभ्यास सांभाळून खेळतात.

निघताना फाटकाशी भाचीने गाडीच्या छताला आतून टिचकी मारली. हद्द सोडताना छताला हात लावला की इथली एक देवदूत राखणीला सोबत येते, अशी रीत. मीही मारली. पाच मैल गेल्यावर लक्षात आलं, माझी छत्री मैदानावरच्या बाकावर राहिली. तार करून मागवायची सोय आता नाही. गाडी वळवली.

"मामा, परत निघताना पुन्हा टिचकी मारायची का?"

"मार," म्हटलं, "छत्रीची वेगळी."