शेततळ्यातले पट्टकृमी : कार्तिक ते मृग

मृगाचा पहिला पाऊस परवा झाला आणि मोहोळकडच्या भावाच्या शेततळ्यात घोटाभर पाणी साठलं. माशांच्या आतड्यातल्या पट्टकृमींच्या माझ्या निरीक्षणाचा पहिला हंगाम पुरा झाला, म्हणून वही उघडून बसले आहे.

ज्यांना सुरुवात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तळं प्लास्टिक अंथरलेलं, डाळिंबाच्या बागेसाठी खणलेलं. ऑक्टोबरात भावानं त्यात सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) या माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. कार्तिकात एका रविवारी मी सोलापुरातून तिकडे गेले, तेव्हा त्यानं जाळ्यातला एक मासा माझ्या हातावर ठेवला. "अक्का, पोट फुगलंय, पण पाठ बघ की, सुरीवानी झालीया." मासा अजून बोटाएवढाच होता. त्याच जाळ्यातले धडधाकट मासे त्याच्या दुप्पट होते.

आतडं चिरलं तर आत पांढऱ्या फिती, भिजवलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत अडकलेल्या. सलाईनमध्ये ठेवल्यावर एक फीत हळूहळू लांब झाली, आखडली, परत लांब झाली. लॅबमधून निवृत्त होताना घेतलेला माझा मायक्रोस्कोप जुना आहे, पण डोकं स्पष्ट दिसलं: पत्त्यांतल्या बदामासारखं, दोन्ही बाजूंना एकेक खोल चीर. आतड्याची भिंत त्या चिरांत पकडून हा कृमी लटकून राहतो. नाव शायझोकॉटाइल अचीलोग्नाथी. जुन्या पुस्तकांत हाच बोथ्रिओसेफॅलस म्हणून सापडेल. १९३४ साली यामागुती यांनी जपानमधून त्याचं वर्णन केलं आणि पुढे गवत्याच्या बीजाबरोबर (म्हणजे पिल्लांबरोबर) तो देशोदेशी पोचला. आपल्याकडेही तो बीजाबरोबरच आला असणार, कारण तळं नवं होतं आणि पाणी बोअरचं.

त्याच्या जीवनाच्या फेऱ्यात मधला वाटेकरी सायक्लॉप्स, पाण्यातला ठिपक्याएवढा जीव. घरातल्या म्हाताऱ्यांना तो नारूमुळे ठाऊक असतो. विहिरीचं पाणी फडक्यातून गाळायचे ते ह्याच्यासाठीच. माशाच्या विष्ठेतून अंडी पाण्यात पडतात, त्यांतून केसाळ गोल अळी निघते, ती सायक्लॉप्सनं गिळायची, सायक्लॉप्स माशानं गिळायचा. यातल्या प्रत्येक टप्प्याचा वेग पाण्याचं तापमान ठरवतं, आणि मला नेमकं तेच पाहायचं होतं.

पुस्तकातले आकडे असे: २८-२९ अंशांना माशाच्या पोटात कृमी साधारण तीन आठवड्यांत अंडी द्यायला लागतो, १५ ते २२ अंशांत त्याला दीड-दोन महिने लागतात, आणि पाणी त्याहून थंड असेल तर वाढ कित्येक महिने रेंगाळते. युरोपातल्या तळ्यांत हिवाळा हा फेरा जवळजवळ थांबवतो. मी दर रविवारी हातभर खोलीवर थर्मामीटर धरला. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात, कडाक्याच्या थंडीत, पहाटे १९ भरलं. यंदाच्या हिवाळ्यात त्याखाली पाणी गेलंच नाही. म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याइतकं ऊबदार पाणी आपल्याकडे पौषात असतं, आणि या कृमीला सोलापुरात सुट्टीच मिळत नाही. माझ्या लेखी या हंगामातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हीच.

अंड्यांसाठी तीन काचेच्या वाट्या मांडल्या. एक फ्रिजमध्ये, एक माठाशेजारी (२५ अंश), एक गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत (दुपारी ३४). पत्र्याखालची अंडी दुसऱ्याच दिवशी फुटली, माठाजवळची तिसऱ्या दिवशी. झाकण उघडतं, अळी आधी अर्धी बाहेर येते, थांबते, मग सुटून भोवऱ्यासारखी फिरायला लागते. रात्री एक वाजेपर्यंत मी स्टुलावरून उठले नाही. पत्र्याखालच्या अळ्या मात्र लवकर थकल्या. दुसऱ्या सकाळी बहुतेक तळाशी पडल्या होत्या. माठाजवळच्या जास्त टिकल्या. फ्रिजमधली अंडी पंधरा दिवस तशीच राहिली, आणि बाहेर काढून माठापाशी ठेवल्यावर त्यांतली काही फुटली.

आता जिथे मी स्वतः फसले ते. दर खेपेला पाच मासे तपासायचे आणि कृमी मोजायचे, असं ठरवलं होतं. फेब्रुवारीत एका माशात १९ सापडले, सगळे बारीक. मे उजाडला तसे चार, तीन, पाच एवढेच मिळू लागले. मी भावाला फोनवर सांगूनही टाकलं की ऊन वाढलं आणि रोग ओसरला. मग त्या चारांची लांबी मोजली. एक बारा सेंटीमीटर भरला, फितीसारख्या अंगाचे शेवटचे खंड अंड्यांनी गच्च. १९८३ साली ग्रॅनाथ आणि एश यांनी अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनात गंबुशिया या लहान माशांवर हेच पाहिलं होतं. तिथलं बेल्यूज सरोवर वीजकेंद्राच्या गरम पाण्याचं. पाणी २५ अंशांच्या वर गेलं की कृमी झपाट्यानं वाढतात, आतड्यात जागेची चढाओढ होते आणि एका माशातली संख्या घटते. म्हणून तुम्ही कोणी आतडी तपासत असाल तर नुसतं मोजू नका, लांबी लिहा आणि पिकलेले खंड आहेत का तेही लिहा. माझी आधीची पानं लांबीशिवाय आहेत, त्याची हळहळ वाटते.

खाण्याबद्दल भावजयीनं विचारलं होतं. आतडी काढून नीट शिजवलेल्या माशात भीती नाही.

मेअखेरीस डाळिंबाला शेवटचं पाणी दिलं आणि तळं पार आटवलं. प्लास्टिकवरचा गाळ आठवडाभर उन्हात पडून पापड्यांसारखा सुटला. सुकलं की ही अंडी मरतात. खात्रीसाठी एक पापडी वाटीत भिजवून माठाशेजारी दहा दिवस ठेवली. रोज पाहिलं. काही हललं नाही.

या खेपेचं बीज आधी घरामागच्या सिमेंटच्या हौदात तीन आठवडे राहील, आणि त्यातली दहा बोटुकली मी चिरून पाहीन. हौद काल धुतला. थर्मामीटर त्याच्या कडेला बांधून ठेवलाय, सकाळी २६ होतं.